इंटर नापास झालेले प्राचार्य : नरहर कुरुंदकर

दहावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातील घराघरांत एकच विषय चर्चेला येतो. मुलाने अकरावीला कोणती शाखा घ्यावी? विज्ञान घेतल्यास शिकवणी लातूरला लावावी की नांदेडला? मुलीला वसतिगृहात ठेवावे की रोज एस.टी.ने ये-जा करू द्यावी? २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरण्याची सोय झाली. त्या दहा रकान्यांसमोर सारे कुटुंब बसते. ज्याच्यासाठी हे रकाने भरायचे तो विद्यार्थी मात्र बहुधा गप्प असतो.

याच दिवसांत आमच्या मराठवाड्यात एक नाव हमखास ऐकू येते. एखाद्याला गुण कमी पडले किंवा एखादा विषय राहिला की घरातील कोणी वडीलधारे समजावतात, अरे, कुरुंदकर गुरुजीसुद्धा इंटर नापास होते, पुढे प्राचार्य झाले! धीर देण्याचा हा हेतू चांगला आहे. मात्र ही कथा नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि अर्धी कथा ऐकून चुकीचा धडा घेणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. म्हणून येथे ती सबंध सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि नांदापूर तिकडे गेले. कुरुंदकर घराण्याला ज्या गावावरून आडनाव मिळाले ते कुरुंदा वसमत तालुक्यातील. तेही आज हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यामुळे कुरुंदकर कोणत्या जिल्ह्याचे असा वाद कधी कधी रंगतो. ते जन्मले आणि वाढले तेव्हा हा सारा मुलूख परभणीच होता, एवढे आमच्या वाचकांना पुरे.

तो मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे शाळेत जाणे आजच्याइतके सरळ नव्हते. लहान वर्ग मातृभाषेत संपले की पुढील शिक्षणाची भाषा उर्दू होत असे. घरी मराठी, वर्गात उर्दू, शिवाय इंग्रजी शिकावयाची ती वेगळीच. सबंध संस्थानात उस्मानिया हे एकमेव विद्यापीठ होते. ते १९१८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे माध्यमही उर्दूच होते. परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादकडील मुलाला पदवी घ्यावयाची तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. पुष्कळ मुलांचे शिक्षण त्या वाटेला लागण्यापूर्वीच थांबत असे.

नरहरचे शालेय शिक्षण वसमतला झाले. या वयात त्यांच्या वाट्याला एक भाग्य आले, ते म्हणजे मामांचे. डॉ. नारायणराव नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. जुन्या मराठी काव्याचा, विशेषतः मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. पुढे नरहर हैदराबादला गेले ते या मामांच्या आधाराने. विद्वान मामा पुष्कळांना लाभतात, परंतु त्यांच्याजवळ बसून प्रश्न विचारण्याची निवड भाच्याला स्वतःच करावी लागते. नरहर यांनी ती केली. घरातील पुस्तके आणि घरी येणाऱ्या अभ्यासू मंडळींची चर्चा ही त्यांची दुसरी शाळा ठरली. पुढे प्रा. भालचंद्र महाराज कहाळेकर यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने कोणाच्या संगतीत बसावे, याचा परिणाम त्याच्या शाखेच्या निवडीपेक्षाही दूरवर पोचतो, असे आमचे मत आहे.

त्याच वयात दुसरी एक निवड समोर येऊन उभी राहिली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थान भारतात सामील होईना. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून लढा सुरू केला. विद्यार्थी मोठ्या संख्येने वर्गाबाहेर पडले. संस्थानातील विद्यार्थ्यांना हे नवीन नव्हते. १९३८ मध्ये वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकले होते आणि त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला होता. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या पिढीतील. स्वतः स्वामीजींनीही तरुणपणी असहकाराच्या हाकेला ओ देऊन सरकारी शाळा सोडली होती. मात्र राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतून त्यांनी आपले शिक्षण पुढे चालू ठेवले. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

नरहर त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. ते लढ्यात उतरले. रझाकारांच्या दहशतीचे ते दिवस होते आणि गावेच्या गावे घर सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. अशा काळात अभ्यास मागे पडला म्हणून कोणी कोणाला दोष देऊ नये आणि आम्हीही देत नाही. स्वामीजींच्या विचारांचा जो संस्कार तेव्हा झाला तो कुरुंदकरांनी जन्मभर जपला.

आता त्या प्रसिद्ध नापासीकडे वळू. हैदराबादला मुसी नदीच्या काठी सिटी कॉलेज आहे. कुरुंदकर तेथे इंटरला होते. इंटर म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षे, आजच्या अकरावी-बारावीसारखीच. ती ओलांडल्याखेरीज पदवीच्या वर्गात प्रवेश नसे. या परीक्षेत कुरुंदकर नापास झाले, तेही एकापेक्षा अधिक वेळा. बुद्धी कमी पडली असे त्यांना ओळखणाऱ्या कोणीही म्हटले नाही. वाचन तर अफाट होते. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, मार्क्सवाद, धर्मशास्त्र, जे हाती येईल ते ते वाचत. परंतु परीक्षेला जे विषय नेमलेले होते, त्यांची तयारी त्या प्रमाणात झाली नाही. ज्याची गोडी लागली त्यात पूर्ण बुडणे आणि ज्याची गोडी नाही त्याकडे फिरकूनही न पाहणे, हा हुशार मुलांचा नेहमीचा दोष आहे. आजही वर्गातील सर्वांत जास्त वाचणारा मुलगा गणितात अडकतो किंवा उत्तम गणित सोडविणारी मुलगी भाषेच्या उत्तरपत्रिकेकडे दुर्लक्ष करते. आवडीचे वाचन हे नावडत्या विषयाच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही, कारण परीक्षेचा दरवाजा सर्व विषयांच्या किल्ल्यांनी मिळूनच उघडतो.

या नापासीची किंमत काय पडली? १९५५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. हाती पदवी नव्हती. शाळेतील शिक्षकाचे काम कमी प्रतीचे असते असे आम्ही मुळीच मानत नाही आणि कुरुंदकरही मानत नसत. आयुष्यभर लोकांनी त्यांना गुरुजी म्हटले ते या शाळेमुळेच. परंतु त्यांच्या व्यासंगाचा माणूस महाविद्यालयात शिकवू शकत नव्हता, कारण दाखवायला कागद नव्हता. शाळेतील तास घेऊन उरलेल्या वेळात ते सौंदर्यशास्त्रावर आणि टीकेवर लिहीत होते. ज्यांनी त्यांचे लेख वाचले त्यांतील अनेकांना हा लेखक पदवीधर नाही हे सांगूनही खरे वाटत नसे. ही परिस्थिती ऐकायला गमतीची वाटते. मात्र जो ती भोगतो, त्याच्यासाठी ती गमतीची नसते. कुरुंदकर शाळेत राहिले ते १९६३ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे.

या आठ वर्षांतील एक गोष्ट आम्हाला त्यांच्या साऱ्या विद्वत्तेइतकीच महत्त्वाची वाटते, आणि अर्धी कथा सांगणारे नेमकी तीच गाळतात. कुरुंदकर परत परीक्षेला बसले. मला कशाला हवी पदवी, असे म्हणून त्यांनी तो विषय संपविला नाही. त्या सुमारास परिस्थितीही बदलली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज संपली. नोकरी आणि संसार सांभाळून कुरुंदकरांनी राहिलेल्या परीक्षा एकामागून एक दिल्या आणि मराठी विषय घेऊन ते एम.ए. झाले. स्वतः वर्गात शिक्षक म्हणून उभे राहणाऱ्या माणसाला परीक्षार्थी म्हणून बाकावर बसणे किती कठीण जाते, हे ज्यांनी असे केले आहे त्यांना विचारावे. कुरुंदकरांनी तो संकोच बाजूला ठेवला.

१९६३ मध्ये ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक झाले. हे महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली सुरू केले होते. हैदराबादपर्यंत जाणे ज्यांना परवडत नव्हते, अशा गोदावरीकाठच्या मुलांसाठी ते होते. १९७७ मध्ये कुरुंदकर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंटरची वेस ज्याला वेळेवर ओलांडता आली नाही, तो महाविद्यालयाचा प्रमुख झाला, हे खरे. मधली बावीस वर्षे मोजायला मात्र विसरू नये.

त्यांच्या ग्रंथांविषयी येथे विस्ताराने लिहिणे शक्य नाही. मागोवा, जागर, शिवरात्र हे लेखसंग्रह, मराठी कादंबरीचा आढावा घेणारे धार आणि काठ, मनुस्मृतीवरील त्यांचे विवेचन ही नावे मराठी वाचकांना ठाऊक आहेत. रणजित देसाई यांच्या श्रीमान योगी या कादंबरीला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती मुळात लेखकाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे आणि कादंबरी न वाचलेल्यांनीही ती वाचलेली असते! ते स्वतःला नास्तिक म्हणवीत, तरी हिंदू आणि इस्लामी धर्मपरंपरांचा त्यांचा अभ्यास श्रद्धावंतांनाही लाजवील असा होता. एखादा विचार पटत नसेल तर तो आधी पूर्ण वाचावा आणि मग नाकारावा, अशी त्यांची रीत होती. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत आणि गावोगावच्या व्याख्यानमालांत त्यांना ऐकण्यासाठी लोक दुरून येत. या सर्वांची शिदोरी त्यांनी बांधली ती वसमत-हैदराबादच्या त्या वर्षांत. उर्दूशी जडलेला संबंध, जुन्या मराठी काव्याची ओळख, इतिहासाचे वेड, प्रश्न विचारण्याची सवय, हे सारे विद्यार्थिदशेतच कमावलेले होते. ते गुणपत्रिकेवर कोठे दिसले नाही, पण नंतर सर्वत्र दिसले.

कुरुंदकर ज्या विषयांनी मोठे झाले ते मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे आज आपल्याकडे उरलेल्या विद्यार्थ्यांचे विषय समजले जातात. विज्ञानाला प्रवेश मिळाला नाही तर कला शाखा, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. ज्याला खरोखर डॉक्टर व्हायचे आहे त्याने लातूरला जावे आणि नीट अभ्यास करून नीटची परीक्षा द्यावी, आमची हरकत नाही. परंतु शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून आपलाही पाठवायचा, आणि दोन वर्षे व लाखभर रुपये गेल्यावर त्याला विज्ञान नको होते हे कळायचे, ही निवड नव्हे. मुलाने काय वाचायला घेतले की त्याला जेवणाचीही आठवण राहत नाही, हे आईला दहावीच्या आधीच ठाऊक असते. ते बाबांनीही ऐकून घ्यावे.

आणि ज्यांचा विषय राहिला आहे त्यांच्यासाठी आज कुरुंदकरांच्या काळापेक्षा वाटा अधिक आहेत. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला सशर्त प्रवेश मिळतो. मुख्य परीक्षेनंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना पदवी देत आहे. नापास झालेल्या मुलाला कुरुंदकरांचे नाव सांगावयाचे असेल तर अवश्य सांगावे, आणि त्याच बैठकीत त्याच्याकडून पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून घ्यावा. अर्जाची मुदत फार थोडी असते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. निकालानंतरचे पहिले दिवस रडण्यात आणि रागावण्यात जातात.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी कुरुंदकर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका कार्यक्रमासाठी गेले होते. तेथे व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. वयाची पन्नास वर्षे पूर्ण व्हायला अजून पाच महिने होते.