हिरव्या कणाला ओळख देणारा बायेरिंक

विषाणूंच्या शोधकथेत मार्टिनस बायेरिंक यांचे नाव अपरिहार्यपणे येते. पण डबक्यातल्या एका क्षुद्र शेवाळाशी जडलेले त्यांचे नाते फारसे परिचित नाही. १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी पत्करावी लागली. तशाही स्थितीत मुलाने डेल्फ्टला रसायनशास्त्र शिकून १८७७ मध्ये लायडेनहून डॉक्टरेट मिळवली. १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क कारखान्यात संशोधक म्हणून रुजू झाले. कारखान्याच्या नोकरीत शेवाळाचा अभ्यास करू देणारे मालक लाभले, हे त्यांचे भाग्यच.

त्या काळी एकपेशीय हिरव्या शेवाळांचे वर्गीकरण केवळ रूपावर चाले. पण अवघ्या २ ते १० मायक्रोमीटर व्यासाच्या हिरव्या गोळीला रूप ते कोणते? पाण्यातला गोल कण, हायड्राच्या शरीरातला कण, दगडफुलातला कण हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच दिसत. शिवाय अशी गोळी म्हणजे स्वतंत्र जीव की दुसऱ्याच एखाद्या शेवाळाची बाल्यावस्था, हेही नुसत्या निरीक्षणाने कळत नसे.

बायेरिंक यांनी जीवाणूंसाठी रूढ झालेली रीत शेवाळाला लावली. पोषण अत्यल्प असलेल्या जिलेटिनवर जीवाणू फोफावत नाहीत, शेवाळ मात्र प्रकाशावर तग धरते. अशा रीतीने वेगळी काढलेली गोळी पिढ्यान्‌पिढ्या गोळीच राहिली. तिच्या आत तिच्यासारख्याच पेशी तयार होत, आवरण फाटून बाहेर पडत. शेपटीने पोहणारी अवस्था कधीच येत नसे. १८९० मध्ये त्यांनी तिला ‘क्लोरेला व्हल्गारिस’ असे नाव दिले.

माणूस मात्र कठोर. विवाह आणि विज्ञान एकत्र नांदत नाहीत, असे मानून ते अविवाहित राहिले; १८९५ पासून डेल्फ्टला प्राध्यापक असताना विद्यार्थ्यांना त्यांचा धाकच अधिक वाटे. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते बहिणींसमवेत गोर्सेल या गावी राहिले आणि १ जानेवारी १९३१ रोजी तेथेच निवर्तले.

पुढे ओटो वारबुर्ग यांनी प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगांसाठी क्लोरेलाच निवडली. दरम्यान ‘गोल आणि हिरवे’ एवढ्याच आधारावर शंभराहून अधिक जाती या प्रजातीत कोंबल्या गेल्या. १९९९ मध्ये जनुकीय तपासणीने त्यांतील बहुतेकींना बाहेरची वाट दाखवली. ‘व्हल्गारिस’ मात्र टिकली. १८८९ मध्ये बायेरिंक यांनी डेल्फ्टजवळच्या पाण्यातून वेगळे केलेले तिचे वाण जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाच्या संग्रहात आजही जिवंत आहे.