घाटापुढे नमलेले इंजिन आणि बर्कलेसाहेब

वरणगावहून मुंबईला जाणारी गाडी इगतपुरीपर्यंत निवांत धावते. पुढे थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट. या घाटात रूळ बसवण्याचा आराखडा जेम्स जॉन बर्कले यांचा.

बर्कले १८१९ साली लंडनजवळ जन्मले. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते रेल्वेचे काम शिकले आणि त्यांच्याच शिफारशीने 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' रेल्वेचे मुख्य अभियंता होऊन १८५० मध्ये मुंबईत उतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर गाडीने कापले. कौतुक झाले ते त्या दिवसाचे. पण ते काम सोपे होते, जमीन सपाट होती. खरी परीक्षा सह्याद्रीची. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे.

वाफेच्या इंजिनाची अडचण चाकाखाली होती. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर फिरते म्हणून थोड्या जोरात मोठे ओझे ओढता येते. पण याच गुणामुळे चढावर चाक जागीच गरगरते. ३७ फुटांत एक फूट चढ असेल, तर १०० टनांची गाडी सुमारे पावणेतीन टन जोराने मागे खेचली जाते. सपाटीवर लागणाऱ्या जोराच्या हे कैक पट झाले. तेव्हाच्या इंजिनाला याहून तीव्र चढ झेपणार नाही, हे जाणून बर्कले यांनी डोंगरच इंजिनाच्या बेताचा करायचे ठरवले. वर्षानुवर्षे मोजण्या चालल्या. थळ घाटात सुमारे १५ किलोमीटरमध्ये ९७२ फूट चढायचे होते. बोर घाटात त्याच्या जवळजवळ दुप्पट, १८३१ फूट. तिथे २५ बोगदे लागले. वळायला जागाच नव्हती तिथे त्यांनी युक्ती केली. गाडी एका बंद टोकापर्यंत न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा.

बोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८६१ च्या सुमारास तिथे ४२ हजारांच्या आसपास मजूर राबत होते. सुरुंगाने, पटकीने, तापाने किती गेले, त्यांची नावे कुठे सापडत नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच थोड्याच दिवसांत वारले. कंत्राट त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवले. बर्कले यांचीही प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, त्रेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांचा मृत्यू झाला.

बोर घाटातून गाडी गेली २१ एप्रिल १८६३ रोजी, थळ घाटातून १ जानेवारी १८६५ रोजी. वरणगाववरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कसाऱ्याचा चढ आजही ३७ ला १ आहे. विजेवरच्या असल्या तरी बऱ्याच गाड्यांना तिथे जादा इंजिने जोडावी लागतात.