ढिला कॉन्टॅक्ट आणि जगदीशचंद्र

आषाढात आमच्या जोहे गावात घरोघरी गणपतीचे कारखाने जोरात असतात आणि बाहेर पाऊस. अशाच दिवसांत माझ्या लॅपटॉपचं वायफाय गेलं. उघडून बघतो तर अँटेनाची वायर सुटलेली, आणि तिच्याबरोबर वायफाय कार्डावरचं मोहरीएवढं सॉकेटही उखडून आलेलं. वायर बोटाने दाबली की रेंज येई, जरा हललं की गायब!

तेव्हा आठवले जगदीशचंद्र बोस. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ते फक्त झाडांच्या धड्यापुरते माहीत. खरं तर त्यांची उमेदीची वर्षं अशाच कॉन्टॅक्टपायी गेली.

जन्म १८५८ चा, मैमनसिंगचा. वडील बडे सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं, कोळ्याच्या पोराशेजारी. पुढे केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. मग त्यांनी तो घेतलाच नाही! डोक्यावर वडिलांचं कर्ज असताना तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकारने मागच्या बाकीसकट पूर्ण पगार दिला. आपल्याला महिन्याची मेस चुकली तरी जड जातं.

लॅब म्हणजे बाथरूमला लागून एक छोटी खोली, मदतीला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. तिथे त्यांनी ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार केल्या. (आपल्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते.) १८९५ मध्ये टाऊन हॉलात भिंतींपलीकडची घंटा वाजवली, दारूही उडवली, मध्ये तार नाही.

लहर पाठवणं एक वेळ सोपं, पकडणं कठीण. त्या काळी त्यासाठी धातूचा कीस वापरत, पण त्याचा भरवसा नसे. बोसांनी स्टीलच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवल्या आणि दाब कमीजास्त करायला स्क्रू लावला. त्यात बंगालची दमट हवा, म्हणजे गंज आलाच. म्हणून स्प्रिंगांवर दुसऱ्या धातूचा थर चढवला. पुढे गॅलिना स्फटिकाचा डिटेक्टर केला, १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. पेटंट-बिटंटची त्यांना मुळात हौस नव्हती, मित्रमंडळींनी गळ घातली म्हणून अर्ज केला. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना गेलं. याचा मला अजून राग येतो. बोस तोवर झाडांकडे वळले होते. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था काढली. १९३७ मध्ये गिरिडीहला वारले.

आमच्याकडे आखणी करणारे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारे, काका आहेत. त्यांच्या बारीक ब्रशने कार्डावरचा मळ साफ केला. वायर अगदी थोडी सोलली, मधली तार मधल्या पॅडला आणि बाहेरची जाळी ग्राउंडला सोल्डर केली. दोन्ही एकमेकांना चिकटली तर सगळं मुसळ केरात, म्हणून काकांनी भिंगातून दोनदा बघितलं. रेंज आली. एक स्क्रू मात्र शाडूत हरवला तो हरवलाच.