लक्ष्मीबाई टिळक: पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावरच ख्रिस्ती झालेल्या लेखिका

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू होता आणि आसरा नातेवाइकांचा.

१८६८ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरमध्ये त्यांचा जन्म झाला. घर कर्मठ, शाळा नाही, अकराव्या वर्षी लग्न.

काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण धर्म बदलला नाही. सोवळं पाळत राहिल्या. जातिभेद देवानं नाही, माणसानं केलेत हे मनाला पटलं, तेव्हाच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दोघांनी अनेक अनाथ मुलांना घरात वाढवलं.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं होतं. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मुलगा देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. त्यातूनच 'स्मृतिचित्रे' हे मराठीतलं गाजलेलं आत्मचरित्र आकाराला आलं.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या 'स्मृतिचित्रे'ची संपादित आवृत्ती काढली. पतीवर जीव लावूनही श्रद्धेचा निर्णय स्वतः घेणाऱ्या या बाईची गोष्ट आजही वाचली जाते.