टीव्हीतून प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या, अशा होत्या लाखो मुलांच्या मिस फ्रान्सिस

पोरगं जेवत नाही म्हणून समोर मोबाईल धरायचा, हे चित्र आता घरोघरी दिसतं. स्क्रीनवर गाणं वाजतंय, दर दोन सेकंदाला रंग बदलतायत, पोराचं तोंड उघडं आणि घास आत. आजी कुरकुरते, आई वैतागते, बाबा गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

लहान मुलांना स्क्रीन दाखवावी की नाही, हा वाद तसा जुना आहे. टीव्ही घरात आला तेव्हाही तो झाला होता. त्या काळात अमेरिकेतल्या एका शिक्षिकेने हा प्रश्न जरा वेगळा करून बघितला. दाखवायची की नाही ते नंतर बघू, आधी स्क्रीनवरचं माणूस मुलाशी वागतं कसं ते बघू, असा त्यांचा हिशोब होता.

त्यांचं नाव डॉ. फ्रान्सिस हॉर्विच. मुलं त्यांना मिस फ्रान्सिस म्हणायची.

1907 साली ओहायो राज्यातल्या ओटावा नावाच्या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांत त्या शेंडेफळ. शिकागो विद्यापीठातून पदवी घेतली आणि शेजारच्या इव्हान्स्टनमध्ये पहिलीच्या वर्गाला शिकवायला लागल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठातून एमए आणि 1942 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीएचडी.

मधल्या काळात महामंदी आली. सरकारने लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून ज्या योजना काढल्या, त्यात लहान मुलांच्या शाळाही होत्या. शिकागोतल्या अशा बालशाळांवर देखरेख करायचं काम फ्रान्सिस यांच्याकडे होतं. नंतर त्या शिकागोच्याच रूझवेल्ट कॉलेजात शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. बालशिक्षणात काम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

थोडक्यात काय, तर बाई टीव्हीवर आल्या तेव्हा चाळिशी कधीच ओलांडलेली होती आणि गाठीला दोन दशकांचा अनुभव होता. दिसायला त्या अगदी साध्या. नटी नव्हत्या, गायिका नव्हत्या. शाळेत भेटतात तशा बाई.

आता तेव्हाची परिस्थिती बघा. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला. घराघरात तीन-चार वर्षांची पोरं होती, पण त्यांच्यासाठी बालवाड्या फार कमी होत्या. दुसऱ्या बाजूला टीव्ही झपाट्याने पसरत होता. 1950 साली तिथल्या दर 100 घरांपैकी साधारण 9 घरांत टीव्ही होता. 1960 पर्यंत हाच आकडा 87 च्या आसपास गेला.

शिकागोमध्ये एनबीसी कंपनीचं टीव्ही स्टेशन होतं. तिथे शैक्षणिक कार्यक्रमांचं काम बघायच्या जुडिथ वॉलर. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी टीव्हीवरच बालवाडी भरवली तर, ही कल्पना त्यांची. शिक्षिका म्हणून त्यांनी फ्रान्सिस यांना विचारलं. कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं, हा प्रश्न निर्मात्याच्या चिमुरड्या पोराने सोडवला. शाळेची घंटा म्हटल्यावर त्याच्या तोंडून निघालं डिंग डाँग. मग नाव ठरलं, डिंग डाँग स्कूल.

1952 च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत कार्यक्रम सुरू झाला. स्टेशनातल्या काही मंडळींना तो भलताच संथ वाटला होता. त्यांचंही चूक नव्हतं. मुलांचा कार्यक्रम म्हणजे कठपुतळ्या, विदूषक, आरडाओरडा आणि समोर बसून टाळ्या पिटणारी पोरं, असंच तेव्हाचं समीकरण होतं. इथे यातलं काहीच नव्हतं. हातातली घंटा वाजवत एक बाई यायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागायच्या.

पण प्रक्षेपण झालं आणि स्टेशनचे फोन वाजायला लागले. घरोघरच्या आयांना आणि पोरांना बाई आवडल्या होत्या. त्याच वर्ष संपायच्या आत एनबीसीने हा कार्यक्रम देशभर दाखवायला घेतला. मुंबईत दूरदर्शन यायला तेव्हा आणखी 20 वर्षं होती.

बाई नेमकं काय वेगळं करायच्या?

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा खाली ठेवलेला असायचा. तीन-चार वर्षांच्या पोराची नजर जिथे असते तिथे. त्यामुळे बघणाऱ्या मुलाला बाई आपल्यासमोर बसल्यासारख्या वाटायच्या.

दुसरी गोष्ट, स्टुडिओत एकही मूल नसायचं. बाई बोलायच्या ते थेट घरातल्या मुलाशी.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. मुलाला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून चक्क गप्प राहायच्या. टीव्हीवर सेकंदासेकंदाचे पैसे लागतात. तिथे मुद्दाम शांत बसणं म्हणजे वेडेपणाच. पण वर्गात मुलांसोबत काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं की लहान मुलाला विचार करून बोलायला वेळ लागतो. घाई केली की ते बोलतच नाही. घरात पोरं टीव्हीसमोर बसून खरोखर उत्तरं द्यायची.

शिकवायच्या काय, तर बोटांनी रंगवणं, साबणाचे फुगे उडवणं, कागदाच्या वस्तू बनवणं, गोष्ट ऐकणं. सगळं घरात करता येण्यासारखं. अर्धा तास संपत आला की त्या मुलांना आईला बोलवायला सांगायच्या. मग शेवटची काही मिनिटं आईसाठी. आज काय केलं, का केलं, घरी पुढे काय करता येईल, हे त्या मोठ्यांना समजावून सांगायच्या. टीव्ही बंद झाला तरी खेळ चालू राहावा, अशी ही सोय होती.

कार्यक्रमाला टीव्ही क्षेत्रातला मानाचा पीबॉडी पुरस्कार मिळाला. बाई एनबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांच्या प्रमुखही झाल्या.

पण इथेच खरी अडचण सुरू झाली.

कार्यक्रम चालायचा जाहिरातींवर. आणि ज्या बाईवर मूल डोळे झाकून विश्वास ठेवतं, तिच्या तोंडून जाहिरात यावी असं कुठल्या कंपनीला वाटणार नाही? फ्रान्सिस यांनी काही जाहिराती साफ नाकारल्या. छऱ्यांच्या बंदुकीसारख्या वस्तू आपल्या मुलांसमोर विकायला त्या तयार नव्हत्या. मात्र सगळ्याच जाहिरातींना नाही म्हणणं त्यांनाही जमलं नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यांची जाहिरात त्यांनी केली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या टीव्ही समीक्षकाने त्यांच्यावर कडक टीका केली. मुलांचा शिक्षिकेवरचा विश्वास माल खपवायला वापरणं बरोबर नाही, असा त्याचा मुद्दा होता.

त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. बाईंची सगळी कमाई म्हणजे तो विश्वासच होता, आणि कार्यक्रम टिकवायचा तर त्याचाच थोडा भाग विकावा लागत होता.

तरीही कार्यक्रम टिकला नाही. 1956 च्या डिसेंबरमध्ये एनबीसीने डिंग डाँग स्कूल बंद केलं. सकाळच्या वेळेत चॅनेलला आता गेम शो हवे होते. वस्तूची किंमत ओळखा आणि बक्षीस जिंका, असा द प्राइस इज राइट हा शो त्याच सुमारास सुरू झाला होता. तीन वर्षांच्या पोरांच्या हातात पैसे नसतात, खरेदी करणाऱ्या गृहिणी करतात. चॅनेलचं गणित सरळ होतं.

फ्रान्सिस एनबीसीतून बाहेर पडल्या, पण गप्प बसल्या नाहीत. कार्यक्रमाचे हक्क त्यांच्याकडे होते. 1959 पासून 1965 पर्यंत त्यांनी वेगवेगळ्या स्थानिक स्टेशनांवर डिंग डाँग स्कूल पुन्हा चालवलं. मुलांसाठी पुस्तकं लिहिली, परत शिकवायला लागल्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

पुढे 1968 साली मिस्टर रॉजर्सचा कार्यक्रम अमेरिकाभर पोहोचला आणि 1969 मध्ये सेसमी स्ट्रीट आलं. हे दोन्ही कार्यक्रम सार्वजनिक टीव्हीवर होते, त्यामुळे मध्येच थांबून माल विकायची वेळ त्यांच्यावर आली नाही. मिस फ्रान्सिस यांना जी कोंडी फोडता आली नाही, ती पुढच्यांसाठी अशी सुटली.

22 जुलै 2001 रोजी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना टीव्हीत पाहून मोठी झालेली पोरं तोवर पन्नाशीला आली होती.

आज मुलांच्या हातातल्या व्हिडिओला थांबायला वेळ नसतो. एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. त्यामुळे पुढच्या वेळी पोराच्या हातात मोबाईल द्याल तेव्हा एकदा स्वतः शेजारी बसून बघा. त्यातलं माणूस तुमच्या पोराला काही विचारतंय का, आणि विचारलंच तर उत्तरासाठी थांबतंय का. थांबत नसेल, तर तेवढं थांबायचं काम आपल्यालाच करावं लागेल.