कवी केशवसुत : मालगुंड ते हुबळी

विद्यार्थी मित्रांनो, कर्नाटकाच्या भूमीत राहून मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष जवळचे वाटावे असे एका कवीचे चरित्र आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते केशवसुत कोकणात जन्मले. परंतु याच कन्नड मुलुखात मराठीचे अध्यापन करीत असता त्यांची जीवनयात्रा संपली.

कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे मूळ नाव. इ. स. १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या गावी त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. कुटुंब मोठे आणि प्राप्ती बेताची. शिक्षणासाठी कृष्णाजींना बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे गावोगाव हिंडावे लागले. १८८९ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. पुढे मुंबईत मिळेल ती नोकरी करून त्यांनी संसार चालविला. तेथे प्लेगची साथ आली, तेव्हा शहर सोडून ते खानदेशात गेले व फैजपूर येथे शिक्षक झाले. १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले.

अशा ओढग्रस्तीतही त्यांची काव्यसाधना खंडित झाली नाही. जुने पंडित कवी बहुधा पुराणकथा व ठराविक अलंकार यांत रमत. केशवसुतांनी मात्र स्वतःचे अंतःकरण आणि भोवतालचे जीवन यांनाच काव्यविषय केले. सावली पडली म्हणून हाकलला गेलेला अस्पृश्य बालक आणि उपासमारीने गांजलेला मजूर यांना त्यांनी मराठी कवितेत मानाचे स्थान दिले. ‘तुतारी’तून त्यांनी जीर्ण रूढींविरुद्ध समाजाला जागे केले. इंग्रजीतील चौदा ओळींचा काव्यप्रकार त्यांनीच मराठीत आणला. तोच पुढे सुनीत या नावाने रूढ झाला.

नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यास उद्देशून त्यांनी एक कविता लिहिली आहे. त्या वाऱ्याबरोबर त्यांना दूरच्या कोकणची आठवण येते. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोकणी असल्याने तिचे वाचन करताना मन हळवे होते. मृगाच्या सुमारास आपल्या हुमनाबादेवर मेघ घेऊन येणारा वाराही त्याच दिशेचा असतो!

७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे केशवसुतांचे प्लेगने निधन झाले. ज्या साथीमुळे त्यांनी मुंबई सोडली होती, तिनेच अखेर त्यांना गाठले. पाठोपाठ काही दिवसांतच त्यांच्या पत्नीचाही अंत झाला. चाळिशीही न गाठलेल्या या कवीच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला नव्हता. सुमारे दहा वर्षांनंतर त्यांचे स्नेही, थोर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता संग्रहरूपाने प्रकाशात आणल्या. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या कविता दीडशेही भरत नाहीत. तथापि पुढील पिढ्यांतील कवींना त्यांनीच वाट दाखविली. मालगुंड येथे १९९४ साली त्यांचे स्मारक उभे राहिले.

काश्मीरी भाषेत नवकाव्याचा पाया घालणारे महजूर हे पेशाने पटवारी होते आणि आपले केशवसुत शाळामास्तर. भाषेची थोर सेवा करण्यास मोठा हुद्दा लागत नाही. लागते ती निष्ठा. फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळेलच, अशी अट न घालता केशवसुत लिहीत राहिले. मित्रांनो, हुबळी-धारवाडकडे कधी जाणे झाले, तर या कोकणी मास्तरांचे क्षणभर स्मरण करा. आणि पाठ्यपुस्तकात नसलेल्या त्यांच्या कविता वाचनालयातून मिळवून अवश्य वाचा. त्यांचे खरे स्मारक तेच होय.