त्याने आपल्याच माणसांवर पिस्तूल रोखलं, म्हणून ती माणसं वणव्यातून जगली

२० ऑगस्ट १९१० ची रात्र. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरात खनिजाच्या शोधात कुणीतरी कधीकाळी खणून सोडून दिलेला एक अरुंद बोगदा. आत चाळीसच्या वर माणसं आणि दोन घोडे. बाहेर अख्खं जंगल पेटलेलं. बोगद्याच्या तोंडाशी एक उंच, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस हातात पिस्तूल घेऊन उभा होता. जो बाहेर पळायला बघेल त्याला आपण गोळी घालू, असं तो त्या माणसांना बजावत होता.

ही माणसं त्याचे कैदी नव्हती. त्यानेच डोंगरभर फिरून त्यांना गोळा करून इथवर आणलं होतं.

त्याचं नाव एडवर्ड पुलास्की. आज अमेरिकेत वणवा विझवणाऱ्या कुठल्याही माणसाला पुलास्की काय असतं असं विचारलं, तर तो हातातलं हत्यार पुढे करेल. ते कसं ते पुढे येईलच. आधी माणूस बघू.

एडचा जन्म १८६६ सालचा, ओहायो राज्यातल्या ग्रीन स्प्रिंग्ज गावचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पोलिश सरदार कॅसिमिर पुलास्की याच्या घराण्यातला, असं त्याच्याबद्दल सांगितलं जायचं. कॅसिमिरला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे थेट वंशज असण्याचा प्रश्नच येत नाही. एडला त्या नावाचा फायदा काही झाला नाही. विशीच्या आतच शाळा सोडून तो पश्चिमेकडे निघाला. त्या काळात तिकडे चांदीच्या खाणींचा बोलबाला होता. एडने खाणीत काम केलं, लोहारकाम केलं, रँचवर मुकादमी केली. हाताला येईल ते काम शिकत पंचवीसेक वर्षं त्याने त्याच डोंगरांत काढली. कुठली पायवाट कुठे निघते, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं, कुणी कुठे बोगदा खणून अर्धवट सोडलाय, हे सगळं त्याला पाठ झालं.

१९०८ मध्ये तो सरकारी वन खात्यात रेंजर म्हणून लागला. वॉलेस या खाणगावात बायको एमा आणि दत्तक मुलगी यांच्यासोबत राहू लागला.

आता हे खातं काय होतं, हे सांगायलाच हवं. यूएस फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ मध्ये स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचे वनाधिकारी गिफर्ड पिंचो यांची ही कल्पना. पश्चिमेतले खाणवाले, लाकूडवाले आणि रेल्वेवाले यांना हे खातं डोळ्यांसमोर नको होतं. त्यांच्या बाजूने सिनेटमध्ये सगळ्यात कडवटपणे बोलणारे वेल्डन हेबर्न हे नेमके वॉलेसचेच वकील. परिणाम असा की खात्याकडे जंगल लाखो एकर आणि तिजोरीत खडखडाट. रेंजर बहुतेक कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली तरुण मुलं. त्यांच्यात पुलास्की वयाने मोठा आणि कॉलेजची पायरीही न चढलेला. पण डोंगर त्याच्याइतका ओळखणारे थोडेच होते.

१९१० साल उजाडलं आणि वसंत ऋतूपासूनच पावसाने पाठ फिरवली. उन्हाळ्यात डोंगर वाळून कोळ झाले. कोरड्या विजा पडत होत्या. डोंगरातून नुकत्याच टाकलेल्या लोहमार्गावर इंजिनांच्या ठिणग्या उडत होत्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत लहानमोठ्या हजाराहून जास्त आगी पेटलेल्या होत्या.

विझवायला माणसं नव्हती. मग शहरांतून, रेल्वे स्टेशनांवरून, दारूच्या गुत्त्यांतून, अगदी तुरुंगातूनही माणसं उचलली गेली. ताशी २५ सेंट मजुरी. त्यात इटलीचे, आयर्लंडचे, ऑस्ट्रियाचे मजूर होते. कित्येकांनी जंगल उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सैन्य पाठवायला परवानगी दिली. त्यात २५ व्या पायदळ पलटणीचे कृष्णवर्णीय सैनिकही होते.

तेव्हा विमान नाही, वायरलेस नाही. वणव्याच्या वाटेवरची झाडंझुडपं तोडायची, खालचा पालापाचोळा खरवडून नुसती माती उघडी करायची आणि आगीला खायला काही ठेवायचं नाही, एवढाच उपाय. आपल्याकडे वन खात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. कुऱ्हाड, फावडं आणि कुदळ घेऊन हजारो माणसं डोंगरात हेच करत होती. आणि १९ ऑगस्टपर्यंत असं वाटत होतं की आग आटोक्यात येतेय.

पुलास्की सामान न्यायला वॉलेसला उतरला होता. २० तारखेला परत वर जाताना गाव बहुतेक जळणार आणि आपली भेट पुन्हा होईलच असं नाही, हे त्याने एमाला स्पष्ट सांगितलं. बायकोला उगाच धीर देत बसण्याचा त्याचा स्वभाव नसावा.

त्याच दिवशी वारा सुटला. वादळी, झाडं मोडून पाडणारा. सुट्या सुट्या आगी एकमेकींत मिसळल्या आणि आगीची एकच भिंत डोंगरामागून डोंगर ओलांडत सुटली. तिथल्या पाइन झाडांत राळ भरपूर, त्यामुळे जिवंत झाडंही काडीसारखी पेटत होती. अशा आगीपुढे जाळरेषेचा काय उपयोग? जळते ढलपे वाऱ्याबरोबर उडून कितीतरी पुढे पडत होते.

पुलास्की डोंगरात विखुरलेल्या आपल्या माणसांना शोधत फिरला. सुमारे ४५ जण हाती लागले. त्यांना घेऊन तो वॉलेसच्या दिशेने निघाला, पण खालची वाटही पेटलेली होती. पुढे आग, मागे आग. धुराने दिवसाढवळ्या अंधार झालेला. इथे त्याची खाणीतली वर्षं कामाला आली. प्लेसर क्रीक नावाच्या ओढ्याजवळ एक जुना बोगदा आहे, हे त्याला ठाऊक होतं. डोक्यावर ओलं पोतं घेऊन तो आधी एकटाच पुढे गेला, बोगदा सापडतोय याची खात्री केली आणि परत येऊन सगळ्यांना धुरातून आत नेलं. वाटेत एक माणूस गमावला.

सगळे आत शिरतात न शिरतात तोच आग तिथे पोहोचली.

पुलास्कीने सगळ्यांना जमिनीवर पालथं झोपायला लावलं. धूर आणि गरम हवा वर चढते, जी काही श्वास घेण्याजोगी हवा असते ती जमिनीलगत उरते. बोगद्याच्या तळाशी पाण्याचा एक बारीक ओहोळ होता. त्यात घोंगड्या भिजवून त्याने तोंडाशी टांगल्या. त्या जळाल्या की दुसऱ्या. आधाराच्या लाकडी चौकटींनी पेट घेतला तेव्हा टोपीत पाणी भरभरून त्यावर मारलं. आत माणसं रडत होती, प्रार्थना करत होती, काहींचा तोल सुटला होता. कोंडून मरण्यापेक्षा बाहेर पळावं, असं वाटणं अगदी साहजिक. पण बाहेर एक पाऊल म्हणजे मृत्यू, हे पुलास्कीला कळत होतं. शब्दांनी ऐकेनात तेव्हा त्याने पिस्तूल काढलं.

नंतर एकेक करून सगळे बेशुद्ध पडले. तोही तोंडाशीच कोसळला.

पहाटे पाचच्या सुमारास एकेकाला जाग यायला लागली. दाराशी पडलेला साहेब गेला, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर साहेबानेच शिवी हासडून आपण जिवंत असल्याचं कळवलं. मोजदाद केली. पाच जण उठलेच नाहीत. दोन्ही घोडेही गेले होते. बाकीचे जळलेल्या बुटांनी, फाटक्या कपड्यांनी, धुमसती झाडं ओलांडत वॉलेसला उतरले. पुलास्कीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. हात भाजले होते, फुप्फुसात धूर भरला होता.

गावाचा एक तृतीयांश भाग राख झाला होता. एमा आणि मुलगी यांनी ती रात्र गावाबाहेर खाणीच्या गाळाच्या उघड्या ढिगाऱ्यावर काढली होती, कारण तिथे जळण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर, म्हणजे १२,००० चौरस किलोमीटर जंगल जळलं. ८५ च्या वर माणसं मेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर. धूर पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला.

वर्तमानपत्रांना हिरो मिळाला. पण हिरोच्या आणि त्याच्या माणसांच्या उपचारांचं काय? तात्पुरत्या मजुरांसाठी सरकारकडे कसलीच सोय नव्हती. दवाखान्याच्या बिलांसाठी खात्यातल्या कर्मचाऱ्यांनीच वर्गणी काढली, रेडक्रॉसने मदत केली, पुलास्कीनेही स्वतःच्या खिशाला चाट लावली. तो स्वतः जवळजवळ दोन महिने अंथरुणावर होता. एका डोळ्याची दृष्टी गेली, फुप्फुसं कधीच पूर्ववत झाली नाहीत. तरी तो त्याच नोकरीवर, त्याच वॉलेसमध्ये परतला.

मेलेल्या मजुरांपैकी काही वॉलेसच्या दफनभूमीत पुरले गेले. त्यातल्या कित्येकांचं देशात कुणी नव्हतंच. पुलास्की त्या थडग्यांची निगा राखायचा, पगाराबाहेरचं काम म्हणून. त्यांच्या नावाने एखादा दगड तरी उभा करा, म्हणून वरिष्ठांना पत्रं लिहायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. सरकारने त्या स्मारकासाठी पैसे मंजूर केले तेव्हा एक दशक उलटून गेलं होतं.

याच काळात त्याने घरामागच्या आपल्या भट्टीवर ते हत्यार घडवलं. जाळरेषा काढताना माणसाला कुऱ्हाड आणि कुदळ दोन्ही लागतात, आणि डोंगर चढताना दोन्हींचं ओझं होतं. पुलास्कीने एकाच दांड्यावर एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं बसवलं. एका बाजूने फांदी तोडा, हत्यार फिरवा, दुसऱ्या बाजूने मूळ उपसा. असं दुपाती हत्यार त्याच्या आधीही कुणी कुणी केलं होतं आणि खात्यातल्या इतरांनीही त्यावर डोकं चालवलं होतं, त्यामुळे शोधाचं सगळं श्रेय त्याला द्यावं का यावर वाद आहे. पण आगीच्या कामाला ते नेमकं बसेल असं घडवलं ते त्याने. १९२० च्या दशकात ते कारखान्यात बनू लागलं आणि त्याला नावच पडलं पुलास्की. शंभर वर्षांनंतर आज ड्रोन आणि हेलिकॉप्टरच्या जमान्यातही जाळरेषा काढायला तेच वापरतात.

त्या आगीतून वन खात्याने मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. माणसं आणि पैसा वेळेवर मिळाला असता तर आग थांबली असती, असं खात्याचं म्हणणं पडलं. पुलास्कीसारख्यांच्या मरणाशी झुंजण्याच्या कथांमुळे लोकांनाही ते पटलं. १९११ मध्ये वीक्स कायदा होऊन वणवा संरक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. १९१० च्या वणव्यात याच भागात अधिकारी असलेले विल्यम ग्रीली आणि फर्डिनंड सिल्कॉक्स पुढे खात्याचे प्रमुख झाले. सिल्कॉक्स यांनी १९३५ मध्ये नियमच काढला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात यायला हवी. अमेरिकेतले मूळ रहिवासी हजारो वर्षं मुद्दाम छोट्या आगी लावून जंगल साफ ठेवत आले होते. ते सगळं बंद झालं. कित्येक जंगलांत पालापाचोळा आणि दाटी साठत गेली. आज तिथे लागणाऱ्या राक्षसी वणव्यांमागे वाढत्या तापमानासोबत हेही एक कारण मानलं जातं. खात्याने ते धोरण सोडायला १९७० चं दशक उजाडलं.

पुलास्की यातलं काही बघायला राहिला नाही. त्या रात्रीबद्दल तो फारसा बोलत नसे. १९२३ मध्ये एका वनविषयक मासिकाने रेंजरांसाठी अनुभवलेखनाची स्पर्धा ठेवली, तेव्हा त्याने पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. कसलाही आव न आणता, कामाचा अहवाल द्यावा तसं. बक्षीस त्यालाच मिळालं. फेब्रुवारी १९३१ मध्ये, पासष्टी गाठायला आठवडाभर बाकी असताना, तो वारला.

वॉलेसच्या दक्षिणेला प्लेसर क्रीकच्या कडेने आता त्या बोगद्यापर्यंत दोन मैलांची पायवाट आहे. १९१० मध्ये जळालेल्या झाडांचे काळे बुंधे वाटेत अजून दिसतात.